नवेगावबांधला गेले, तलाव मात्र शेवटच्या दिवशी पाहिला

या ब्लॉगवरची मागची नोंद लिहिली तेव्हा माझी आई काठी न घेता चालत होती. त्यानंतरची सहा वर्षं माझा प्रवास नागपूरला धरमपेठेतल्या आमच्या घरापासून धंतोलीतल्या दवाखान्यांपर्यंत आणि तिथून परत, एवढाच होता. त्या रस्त्याचं वर्णन कोणाला हवंय, म्हणून लिहिलं नाही. जुन्या वाचकांपैकी कोणी अजून इकडे फिरकत असेल तर सांगते, मी आहे. आई मागच्या उन्हाळ्यात गेली.

ती गेल्यावर जो भेटायला आला तो जाताना एकच वाक्य बोलून गेला, "आता तू मोकळी झालीस." बंगळुरूचा माझा धाकटा भाऊ निखिलही तेच म्हणाला. "ताई, आता फिर. तुला किती आवड होती!" आवड होती, खरंच होती. पण पहाटे आईची कूस बदलून द्यायच्या वेळेला मला अजून जाग यायची. उठून बसायचे, काय करायचं ते सुचायचं नाही, आणि पुन्हा आडवी व्हायचे ती थेट ऊन खिडकीतून पायावर येईपर्यंत. मग चहा-टोस्ट. दुपारी पुन्हा टोस्ट. एका माणसासाठी कणीक किती भिजवायची याचा अंदाजच नव्हता, म्हणून भिजवतच नव्हते.

काम होतं. इतवारीतल्या एका छापखान्यासाठी मी घरून लग्नपत्रिका जुळवते, म्हणजे त्यांचा मजकूर संगणकावर मांडून देते. आई होती तेव्हा तिच्या उशाशी लॅपटॉप घेऊन बसायचे आणि पत्रिकांवर पत्रिका निघायच्या. आता आख्खा दिवस हाताशी असून एक पुरी होत नव्हती. छापखान्याचे शेठजी फोन करायचे, "मॅडम, सीझन सर पे है, प्रूफ भेजो ना." मी "आज भेजती हूं" म्हणायचे आणि फोन उलटा करून ठेवायचे.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी डोकं फार दुखत होतं म्हणून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले. दुकानदाराने मला पाहिलं आणि मी तोंड उघडायच्या आत आईच्या गोळ्या, डायपरचं पाकीट, पाठीला लावायचं मलम असं सगळं काउंटरवर मांडलं.

"बरेच महिने दिसल्या नाहीत ताई. ऑनलाइन मागवता का आता? आई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत," मी म्हटलं. आणि ते सगळं घेऊन घरी आले. डोकेदुखीची गोळी राहिलीच.

पिशवी जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि तिच्यासमोर बसले. स्वतःची भीती वाटली, दुसरं काही नाही. सकाळी उठल्याबरोबर, केसही न विंचरता, पिशवी घेऊन परत दुकानात गेले आणि सांगितलं, "आई गेली. मे महिन्यातच." दुकानदार काउंटरच्या फळीखालून वाकून बाहेर आला, पिशवी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाला, "ताई, सांगायचं ना." एवढंच. रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की हे वाक्य मी स्वतःहून कोणाला पहिल्यांदाच सांगितलं. बाकी सगळ्यांना निखिलने फोन केले होते.

घरी येऊन आधी बॅग काढली. नंतर ठरवलं कुठे जायचं.

नवेगावबांध का, तर एसटी जाते, थंडीत तलावावर पक्षी येतात आणि कधीकाळी याच ब्लॉगवर मी 'लवकरच जाणार' असं लिहून ठेवलं होतं. तलावाजवळच्या एका टोलीत, म्हणजे चार-सहा घरांच्या वस्तीत, एक कुटुंब पाहुण्यांसाठी खोल्या देतं, असं नेटवर सापडलं. फोन केला.

"रूम आहे ना," पलीकडून एक बाई म्हणाली. "किती जन?"

"एक."

"एकच?"

"एकच."

"या मंग."

जाणाऱ्यांसाठी सांगते. गणेशपेठ स्थानकातून साकोलीकडे गाड्या बऱ्याच आहेत, सकाळची धरा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवास फारसा जड जात नाही. खिडकी डावीकडची घ्या, थंडीत उजवीकडे उन्हाची तिरीप सारखी डोळ्यावर येते. स्थानकाबाहेर तर्री-पोहे खाऊन निघा, कारण मध्ये गाडी थांबते ती चहापुरती. मी स्वतः काही खाल्लं नाही, पण तुम्ही खा.

नागपूर सुटलं आणि गाडीतले सगळे एकेक करून फोनवर बोलायला लागले. माझ्यामागे एक बाई मोठ्याने सांगत होती, "मी बसली ना गाडीत. तू भात नको लावू, मी येऊन राहिली." भंडारा सुटलं की वैनगंगेचा लांबच लांब पूल लागतो. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने पाण्याकडे बघून हात जोडले आणि लगेच फोन लावला, "पूल आला गा, पूल." लाखनी आली तशी आणखी कोणीतरी कोणालातरी सांगितलं, लाखनी आली. गाडी कुठे पोचली हे जाणून घ्यायला प्रत्येकाचं कोणीतरी घरी बसलं होतं. मी निखिलला 'लाखनी आली' असं टाइप केलं. त्याला मी निघाल्याचंच सांगितलेलं नव्हतं. ते पुसून टाकलं आणि बाहेर बघत बसले. धान कापून झालं होतं. बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांत, नुसते पिवळे खुंट उरले होते.

साकोलीला आलूबोंडा आणि वर चण्याचा रस्सा मिळतो, झणझणीत. तिथून नवेगावला बस आहे, पण तिची वाट बघण्यापेक्षा काळी-पिवळी बरी. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली म्हणजे काय हे ड्रायव्हर ठरवतो. नवेगावच्या फाट्यावर मला न्यायला तुळशीराम आले होते. साठीचे, किडकिडीत, डोक्याला मफलर. मोटरसायकलवर माझी बॅग पुढे ठेवून म्हणाले, "बसा मॅडम, घट्ट धरा. रस्ता आमचा असाच आहे." कितीतरी वर्षांनी मी मोटरसायकलवर बसले. थंड वारा तोंडावर आला, बरा वाटला. मनात म्हटलं, चला, झालं सुरू.

पण काहीच सुरू झालं नाही.

कवेलूचं, म्हणजे कौलारू, जुनं घर, मागे सांदवाडीत, परसात, नव्या बांधलेल्या दोन खोल्या, दारात झेंडूची झाडं. खोली अगदी स्वच्छ. मी बॅग ठेवली, पलंगावर आडवी झाले आणि घरी पडून राहायचे तशीच पडून राहिले. एवढा प्रवास करून मी फक्त माझा पलंग बदलला होता. तुळशीरामांच्या बायकोने, देवकाबाईंनी, संध्याकाळी ताट आणून दिलं. भात, वरण, वांग्याची भाजी, भाजलेल्या भेदराची म्हणजे टोमॅटोची चटणी. मी चार घास खाऊन ताट बाहेर ठेवलं.

"काहून मॅडम? आवडलं नाही का जेवन?"

"आवडलं. भूक नाही."

सकाळी अंधार असतानाच तुळशीरामांनी दार वाजवलं. तलावावर न्यायला आले होते. म्हणाले, पहाटेच पक्षी दिसतात. मी आतूनच सांगितलं, "डोकं दुखतंय." त्यांची पावलं दूर गेली. त्या टोलीपासून तलाव हाकेच्या अंतरावर आहे. पाखरांचा गलका खोलीत ऐकू येत होता. तो ऐकत मी दुपारपर्यंत छताकडे बघत राहिले. एकटेपणा घरी असतो तेव्हा निदान त्याची जागा ठरलेली असते. परक्या खोलीत तो कुठूनही अंगावर येतो. शेवटी उठले, बॅग भरली आणि तुळशीरामांना म्हटलं, "मला परत जायचंय. फाट्यावर सोडता का?"

ते गाडीची किल्ली आणायला आत गेले. तेवढ्यात मागून, हातपंपाकडून, काहीतरी आपटल्याचा आवाज आला आणि देवकाबाईंची हाक, "अहो! या ना इकडं!"

धुण्याच्या ओल्या दगडावर पाय सटकून त्या पडल्या होत्या. उजवं मनगट बघता बघता सुजलं. तुळशीराम हात चोळत नुसते उभे. मी काय करतेय ते मला कळायच्या आधी मी माझी ओढणी काढून त्यांचा हात गळ्यात अडकवला होता, त्यांना काखेत धरून उभं केलं होतं आणि तुळशीरामांना ओरडून सांगत होते, "मोटरसायकल नको, हादरे बसतील. शेजारी कोणाची चारचाकी आहे का बघा." शेजाऱ्याची जीप आली. सरकारी दवाखान्यात मी त्यांच्याबरोबर आत गेले. दवाखाना कुठलाही असो, मला तिथे रस्ता विचारावा लागत नाही. केसपेपर, एक्स-रे, प्लास्टर, गोळ्या कधी घ्यायच्या ते डॉक्टरांना दोनदा विचारणं, सगळं हात आपोआप करत गेले. देवकाबाई एकदाही कण्हल्या नाहीत. परतीच्या वाटेवर मात्र रडायला लागल्या.

"दुखतंय?" मी विचारलं.

"नाही मॅडम. आज संध्याकाळी नागपूरचे दहा-बारा लोक येऊन राहिले. पाखरं पाहाले. पहिलीच मोठी पार्टी आहे आमची. सुनेनं फोनवर बुक केलं अन् ते बाळंतपनाले माहेरी गेली. आता एका हातानं मी काय रांधू?" मग नवऱ्याला म्हणाल्या, "फोन करा त्याईले. नका येऊ म्हना."

तुळशीराम खिशातला फोन काढून नुसता बघत राहिले. "एकदा दुसरीकडं गेले का गेले ते," असं म्हणाले.

"मी करते स्वयंपाक," मी म्हटलं.

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मीही चमकलेच. सहा-सात महिन्यांत मी स्वतःसाठी साधा भात लावला नव्हता.

देवकाबाईंचं स्वयंपाकघर म्हणजे एक गॅस आणि मागच्या पडवीत दोन चुली. त्या प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन पाटावर बसल्या आणि कुठे काय आहे ते सांगायला लागल्या. "तो मोठा गंज घे. डाळ त्या डब्यात. वांगे मधातून चीर, पूर्न नको कापू." गंज म्हणजे पातेलं. मासोळीचा रस्सा तुळशीरामांनी बाहेरच्या चुलीवर घेतला, ते त्यांचं नेहमीचं काम. बाकी सगळं माझ्यावर. धुराने डोळे चुरचुरले, बोट चिरलं, भाताचं पाणी उतू गेलं. पण गंमत अशी की मधल्या त्या दोन-तीन तासांत मला माझी आठवणच आली नाही. फोडणीत सांभार टाकला, म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडे तिला सांभार म्हणतात, आणि तो वास आल्यावर मी मनातल्या मनात 'अरे वा' म्हटलं.

पाहुणे आले. दुर्बिणी, टोप्या, मोठाले कॅमेरे. अंगणात सतरंजीवर पंगत बसली. मी वाढत होते. सगळ्यांनी पहिला घास घेतला. एक बाई म्हणाल्या, "छान आहे हं, अगदी घरगुती." शेजारचे गृहस्थ म्हणाले, "लोणचं आहे का थोडं?" मग लोणच्याची बरणी पंगतीतून फिरली, आणि ज्याने त्याने इतकं लोणचं घेतलं की मला शंका आली.

तुळशीराम चुलीजवळ उभ्याउभ्या वरण-भात खाऊन बघत होते. हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मॅडम, नागपूरले मीठ महाग झालं का?"

मी गंजातलं वरण चाखून पाहिलं. मीठ नव्हतं. भाजीत नव्हतं. भातात तर नव्हतंच. आईला मीठ बंद होतं, आणि इतकी वर्षं मी आमच्या दोघींचंही तसंच करत आले होते. हाताला मिठाच्या डब्याची वाटच राहिली नव्हती, आणि मीठ घातलं नाही हे जिभेलाही कळलं नव्हतं. मी तिथेच चुलीपुढे बसून हसायला लागले. देवकाबाईंना तुळशीरामांनी सांगितलं तशा त्याही हसायला लागल्या, प्लास्टरचा हात दुसऱ्या हातात धरून. "अवं माय, मी इथं बसली होती, मले बी नाही सुचलं!" मग मीठ पाण्यात उकळून वरणात घातलं, भाजी पुन्हा चुलीवर चढवली आणि पंगतीला खरं काय ते सांगून टाकलं. लोणचं मागणारे गृहस्थ म्हणाले, "मला वाटलं आरोग्यदायी वगैरे आहे." दुसऱ्यांदा वाढलं तेव्हा सगळ्यांनी मागून मागून घेतलं. मीही त्यांच्यानंतर जेवले. पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी पाहुणे पहाटेच तलावावर गेले. मी पोहे करून ठेवले, या वेळी दोनदा चाखून. मग देवकाबाईंनी हाक मारली. मॅडमची आता 'वं' झाली होती.

"केस विंचरून देतेस का वं? एका हातानं नाही होत."

त्या पायरीवर बसल्या, मी वरच्या पायरीवर. तेलाची बाटली, लाकडी फणी. पांढरे, विरळ, पण कमरेपर्यंत लांब केस. मी भांग पाडला आणि हात थांबला. शेवटच्या वर्षी आईचे केस कापून टाकावे लागले होते, पडून पडून गुंता होई. त्याआधी रोज सकाळी मी तिची वेणी घालत असे. डोक्याचा तोच गोल, कानामागे तीच मऊ कातडी. मी विंचरत राहिले आणि मागे बसल्याबसल्या माझं रडू सुरू झालं. आवाज न करता. आई गेली त्या दिवशीही मी अशी रडले नव्हते, कामं फार होती.

देवकाबाई मागे वळल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "कोन गेलं वं तुहं?"

"आई."

"कवा?"

"उन्हाळ्यात."

"तवापासून अशीच खोलीत पडून राहतेस?"

मी फणी पुन्हा केसांतून फिरवली.

"माही माय गेली तवा मी बी अशीच झोपून राहो. कोनी काही म्हनो. पन घरी म्हैस होती. ते कोनाचं आयकते? वेळ झाली का रेके. उठा लागे. शेन काढा, चारा टाका, दूध काढा. मले मन नव्हतं काही कराचं. म्हशीले काय करा लागते माह्या मनाचं?"

"माझ्याकडे म्हैस नाही, देवकाबाई."

"ते दिसूनच राहिलं," त्या म्हणाल्या. "मंग दुसऱ्याची म्हैस पाह्य. अन् वेनी घट्ट घाल. सैल नको."

मी घट्ट घातली.

आणखी दोन दिवस राहिले. पाहुणे गेल्यावर देवकाबाईंची बहीण मदतीला आली आणि स्वयंपाकघरात माझी गरज उरली नाही, तेव्हा शेवटच्या सकाळी मी एकटी तलावावर गेले. वाचकहो, एवढं लांबून तुम्ही ज्यासाठी वाचत आलात ते हे. धान पिकवणाऱ्या जुन्या कोहळी लोकांनी टेकड्यांच्या मधल्या खोलगटात बांध घालून हा तलाव केला, असं तिथे सांगतात. आपण काठावर उभे राहतो आणि पलीकडचा काठ धुक्यात दिसतच नाही. ऊन चढलं तसं पाणी आधी राखाडी, मग निळं झालं. चक्रवाकांची जोडी, असंख्य बदकं, लांबवर डोंग्यात, म्हणजे छोट्या होडीत, उभा राहून जाळं टाकणारा माणूस. मला पक्ष्यांची नावं फारशी कळत नाहीत. आनंद झाला का? खरं सांगायचं तर नाही. इतकं पाणी, इतकं आभाळ, आणि 'ते बघ' म्हणायला शेजारी कोणी नाही. घरात वाटत नव्हतं इतकं एकटं तिथे वाटलं. पण मी उठून निघून आले नाही. बसून राहिले. आणि बऱ्याच वेळाने कडकडून भूक लागली, तेव्हा उठले.

जाणार असाल तर गरम कपडे घ्या, पहाटे बोटं वाकत नाहीत. विजेरी घ्या. खोलीचा आणि जेवणाचा दर फोनवरच विचारा. परवडतो, पण पैसे रोख न्या, तिथे नेटवर्क मनाला येईल तेव्हा येतं. तलावालगतच्या राष्ट्रीय उद्यानात, जंगलात शिरायचं असेल तर सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. आणि मासोळी खात असाल तर तुळशीरामांचा रस्सा चुकवू नका. मी खात नाही, पण बारा माणसांना बोटं चाटताना पाहिलंय.

निघताना देवकाबाईंनी डाव्या हाताने माझ्या पिशवीत तांदळाची पुरचुंडी कोंबली. "पोचली का फोन कर," म्हणाल्या. नागपूरच्या गाडीत भंडाऱ्याचा पूल आला तेव्हा मी फोन लावला. "पूल आला." पलीकडून तुळशीरामांनी तो निरोप मोठ्याने आत सांगितलेला मला ऐकू आला.

आता घरचं. इथे सगळं जादूने बदलून गेलं असं लिहिता आलं असतं, पण तसं झालं नाही. कुलूप काढलं, आत बंद घराचा वास होता, चपलांसकट सोफ्यावर बसले आणि किती तरी वेळ बसून राहिले. दुसऱ्या दिवशी उन्हं पायावर येईपर्यंत उठले नाही. मला वाटलं, गेलं, तिथलं तिथेच राहिलं. तांदूळ तेवढे शिजवून खाल्ले. तिसऱ्या दिवशी मन लागायची वाट न बघता आंघोळ केली, लॅपटॉप पिशवीत घातला आणि इतवारीला गेले.

इतवारीत छापखान्यापर्यंत पोचणं हाही एक प्रवासच आहे. कापडाच्या गठ्ठ्यांचे हातठेले, भांड्यांच्या दुकानातली खडखड, मध्येच अडकलेला टेम्पो आणि त्यावरून भांडणारे चौघे. आत गेले तर शेठजी चकित.

"मॅडम आप? प्रूफ लाये क्या?"

"नाही आणलं. शेठजी, मी इथे येऊन बसते. रोज. इथेच काम करते."

"इथे?" ते नागपुरी मराठीवर आले. "इथे आवाज पाहून राहिल्या ना? धूळ पाहा. काहून, घरी लाइट नाही का?"

"लाइट आहे. माणसं नाहीत."

शेठजींनी पोऱ्याला हाक मारली. मग त्यांनी कोपऱ्यातल्या टेबलावरचे कागदाचे रिम उचलायला लावले आणि स्वतःच्या हाताने खुर्ची पुसली.

तेव्हापासून तिथे बसते आहे. संध्याकाळी घरी परतते तेव्हा घर तेच असतं. पहाटेची जाग अजून त्याच वेळी येते, आणि तो काळ काढणं अजून कठीण आहे. काही दिवस जावंसं वाटत नाही. त्या दिवशीही बहुतेक वेळा जाते, कारण मशीनवाल्याला नऊला मजकूर लागतो आणि तो माझ्या नावाने ओरडायला लागतो. या सहलीचं मोल कोणी विचारलं तर एवढंच सांगता येईल. मागे राहिलेल्या पत्रिका संपल्या, नव्या येतात. कणीक भिजवते. एका माणसाची कणीक साधारण मूठभर होते.

मागच्या आठवड्यात उमरेडहून एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले. मुलगी बरोबर होती. मुलीची आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. बाप म्हणत होता, "गेलेल्या मानसाचं नाव शुभकार्यात वर नसते टाकत. खाली टाका, बारीक." मुलगी मान खाली घालून म्हणत होती, "बाबा, वर टाका ना." तेच तेच चाललं होतं. शेठजींनी मला खूण केली, मॅडम, निपटाओ.

मी दोन्ही तऱ्हेने पत्रिका जुळवली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. गृहस्थ पडद्याजवळ वाकले.

"तुमाले काय वाटते, मॅडम?"

"मला वाटतं, वर असावं."

"काहून?"

"लोक पत्रिका उघडली की पहिली ओळ मोठ्याने वाचतात," मी म्हटलं. "तेवढंच घराघरांत त्यांचं नाव घेतलं जाईल."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. "राहू द्या मंग वरच," म्हणाले.

मी प्रूफ काढलं. कागद मशीनमधून गरम बाहेर आला. मुलीने तो उचलला, आणि त्या सगळ्या खडखडाटात तिने पहिली ओळ मोठ्याने वाचली.